कॅरॅव्हॅन-कर्षण व इंधनव्यय

कॅरॅव्हॅन-कर्षण व इंधनव्यय : मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाच्या, आत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या चाकांवरील घरास कॅरॅव्हॅन म्हणतात. मूळ फार्सी ‘कारवान’ म्हणजे तांडा. हा शब्द यूरोपात जाऊन प्रथम झाकलेल्या घोडागाडीला व पुढे मोटारीमागील घराला चिकटला. मराठीत तो ‘कारवाँ’ या रूपाने तांडा याच अर्थी परिचित आहे. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला साध्या मोटारीच्या मानाने बरेच अधिक इंधन लागते, आणि ती मोटार चतुश्चक्र-चालित, म्हणजे एंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरविणारी असेल, तर हा खर्च आणखी वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज पूर्णपणे चुकीचा नाही. परंतु वाढीव खर्चाचा मोठा भाग चारही चाके फिरविण्यात जात नसून हवा कापण्यात जातो. ही गोष्ट काही विमानरचनाकारांनी १९३० च्या सुमारासच ओळखली होती. कॅरॅव्हॅन बनविणारे व विकत घेणारे मात्र ती पुन्हा पुन्हा विसरत गेले. कॅरॅव्हॅन-कर्षणातील इंधनव्ययाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या विस्मरणाचा इतिहास आहे.

प्रारंभीचा काळ : हौसेखातर कॅरॅव्हॅनमधून प्रवास करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये सुरू झाली. ब्रिटिश आरमारातील निवृत्त शल्यवैद्य विल्यम गॉर्डन स्टेबल्झ यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील एका वाघिणी बनविणाऱ्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली व तीतून दक्षिण इंग्लंडमधील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे २,१०० किमी. प्रवास केला. सामानासह सुमारे दोन टन भरणारी ही गाडी दोन घोडे ओढीत. हवेच्या रोधाचा येथे प्रश्नच नव्हता. चढ व रस्त्यावरील चिखल हेच काय ते अडथळे होते आणि दाणावैरण हेच इंधन होते. अशा हौशी प्रवाशांची संघटना, ‘कॅरॅव्हॅन क्लब’, इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये स्थापन झाली, तेव्हाही तिच्या सभासदांच्या गाड्या घोड्यांच्याच होत्या.

मोटारीने ओढावयाच्या कॅरॅव्हॅनचे नियमित उत्पादन बर्मिंगहॅम येथील एकल्स या कारखान्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास सुरू केले. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरील कर एंजिनाच्या सिलिंडरांची संख्या व व्यास यांवरून काढलेल्या ‘अश्वशक्ती’नुसार आकारला जाई. दर अश्वशक्तीला एक पौंड असा हा कर १९२१ पासून लागू झाला. त्यामुळे लहान एंजिनाच्या मोटारींचे प्रमाण तेथे फार वाढले. ऑस्टिन सेव्हन (१९२२) या लोकप्रिय मोटारीचे एंजिन अवघे ७४७ घ. सेंमी. होते. अशा मोटारींना ओढता यावे म्हणून कॅरॅव्हॅनही हलकी व आटोपशीर करणे भाग पडले. ब्रिटिश कॅरॅव्हॅनचा हलकेपणा हा रचनाकारांच्या दूरदृष्टीपेक्षा कर-खात्याच्या सूत्राचा परिणाम होता, असे म्हणण्यास हरकत नाही. १९४८ पासून नव्या मोटारींसाठी हा कर रद्द होऊन त्यांना सरसकट एकच कर लागू झाला आणि हे बंधन गेले.

विमानरचनाकारांचा सहभाग : या विषयाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे कॅरॅव्हॅनकडे वळलेल्या विमानरचनाकारांची परंपरा. अमेरिकन वैमानिक व विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ हा हलका व मजबूत ट्रेलर तयार केला. हॉली बोलस हे ग्लायडरचे रचनाकार. चार्ल्स लिंडबर्ग यांनी ज्या विमानातून १९२७ मध्ये अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला, त्याच्या बांधणीवर रायन कंपनीच्या कारखान्यात त्यांची देखरेख होती. १९३४ मध्ये त्यांनी ‘रोड चीफ’ नावाचा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रेलर बाजारात आणला. त्यात वेगळा सांगाडा नव्हता, तर विमानाप्रमाणे बाहेरचे कवचच भार पेलत असे. त्याचे पुढचे व मागचे टोक गोलाकार निमुळते होते. हा ट्रेलर चालला नाही. परंतु त्याच धर्तीवर वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये ‘क्लिपर’ हा ट्रेलर काढला आणि तो अमेरिकेत दीर्घकाळ आदर्श मानला गेला. हलकेपणा व प्रवाहरेखित आकार यांमुळे पेट्रोल वाचते, हा या ट्रेलरांच्या प्रचारातील एक प्रमुख मुद्दा होता.

आल्फ्रेद लतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलीने एअरस्ट्रीम ट्रेलर ओढीत असल्याचे १९४७ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे आणि कंपनीने पुढे ते आपले बोधचिन्ह म्हणून वापरले. जाहिरात म्हणून ते उत्तम असले, तरी त्यावरून सिद्ध होते ते वेगळेच. सपाट रस्त्यावर सायकलीच्या मंद गतीने जाताना हवेचा रोध जवळजवळ नसतो; चांगल्या धारव्यांवर फिरणारी चाके असली की पुरे. ट्रेलरच्या गोल नाकाचा गुण त्या छायाचित्रात दिसतच नाही, तो ताशी ८० किमी. वेगाला दिसतो.

यूरोपात एरिख बाखेम यांचे कार्य याच जातीचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उभ्याने उड्डाण करणारे ‘नाटर’ हे रॉकेट-विमान त्यांनी आखले होते. १९५७ मध्ये त्यांनी व एर्व्हिन हायमर यांनी जर्मनीत एका कॅरॅव्हॅनचा पहिला नमुना तयार केला. बाखेम यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘एरिबा’ हे नाव मिळाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, गोलसर कडा व मुक्कामावर वर उचलता येणारे छप्पर ही तिची वैशिष्ट्ये. चालत्या गाडीत छप्पर खाली असल्याने हवेसमोर येणारे क्षेत्रफळ कमी होई व उतारूंना मुक्कामी ताठ उभेही राहता येई. ही योजना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. एरिबाच्या या छोट्या गाड्या पुढे अनेक दशके बनत राहिल्या. तथापि बाजाराचा मोठा भाग तिने कधीच व्यापला नाही. ग्राहकाला हवी असते उंची, रुंदी व कपाटे. आणि सरळ उभ्या भिंतींच्या चौकोनी पेटीत ती सर्वांत स्वस्त मिळतात. ब्रिटनमध्ये सॅम अल्पर यांनी युद्धोत्तर काळात स्प्राइट या नावाने काढलेल्या स्वस्त कॅरॅव्हॅनींनी सामान्य कुटुंबाला ही चैन परवडू लागली. पण त्या स्वस्तपणाचा काही भाग पेट्रोलच्या हिशेबात परत द्यावा लागे.

रोधांचा हिशेब : चालत्या गाडीला सपाट रस्त्यावर मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते. चाके लोटली जाण्यात होणारा रोध वजनाच्या प्रमाणात असतो व वेगाबरोबर फारसा वाढत नाही. हवेचा रोध हवेसमोरील क्षेत्रफळ, आकार व वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणादाखल २,००० किग्रॅ. वजनाची चतुश्चक्र-चालित मोटार व १,५०० किग्रॅ.ची चौकोनी कॅरॅव्हॅन घेतली आणि नेहमीचे गुणांक वापरले, तर ताशी ८० किमी. वेगाला एकट्या मोटारीला सुमारे ५७० न्यूटन, तर दोहोंना मिळून सुमारे १,१८० न्यूटन प्रेरणा लागते. म्हणजे ओढीचे काम दुपटीहून थोडे अधिक होते. या १,१८० न्यूटनांपैकी सुमारे ७७० न्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश, निव्वळ हवेचा वाटा असतो. वेग ताशी १०० किमी. केला की एकूण प्रेरणा सुमारे १,६२० न्यूटन होते. अंतर तेच, गाडी तीच, वजन तेच. केवळ वीस किलोमीटरच्या घाईसाठी तेवढ्याच अंतरावर सुमारे ३७ टक्के अधिक काम करावे लागते. समोरून ताशी ३० किमी.चा वारा असेल, तर ताशी ८० किमी.ने चालणाऱ्या गाडीला ११० किमी. वेगाची हवा लागते व हवेचा रोध जवळजवळ १·९ पट होतो.

ओढीचे काम दुप्पट झाले म्हणून इंधन मात्र दुप्पट लागत नाही. पेट्रोल एंजिन कमी भारावर चालताना हवेचा मार्ग अर्धवट मिटलेला असतो आणि पुष्कळ शक्ती तो रोध व आतील घर्षण यांत वाया जाते. भार वाढला की या अपव्ययाचे प्रमाण घटते. दमदार एंजिनाची जड मोटार एकटी चालत असताना एंजिन जणू अर्धवट झोपेत असते व तरी खात असते. कॅरॅव्हॅन जोडल्यावर त्याला खरे काम मिळते. म्हणून मोटारीचा एकटीचा खर्च मुळातच जास्त असेल, तर कॅरॅव्हॅनमुळे होणारी वाढ प्रमाणाने कमी दिसते. याउलट काटकसरी लहान मोटारीचा खर्च कॅरॅव्हॅनमागे झपाट्याने वाढतो. मोठ्या मोटारीला कॅरॅव्हॅन ‘जाणवतच नाही’ अशी जी मालकांची साक्ष असते, तिचा उगम येथे आहे. ती खोटी नसते. पण ती कॅरॅव्हॅनच्या हलकेपणाची नसून मोटारीच्या नित्याच्या उधळेपणाची साक्ष असते.

चतुश्चक्र-चालनाचा वाटा : चारही चाकांना शक्ती देण्यासाठी एक जादा दंतचक्र-पेटी, पुढच्या आसावरील डिफरन्शियल व फिरते दांडे लागतात. त्यांचे वजन व तेलातील घर्षण यांमुळे इंधनाचा खर्च काही टक्के वाढतो. हा तोटा कमी करण्याचे प्रयत्न प्रारंभापासून झाले. युद्धोत्तर अमेरिकेत लष्कराने विकून टाकलेल्या जीप-गाड्या नागरी वापरात आल्या, तेव्हा पक्क्या रस्त्यावर पुढची चाके आसापासून सुटी करणारे तुंबे बनविण्याचा उद्योग आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केला. हे तुंबे हाताने फिरविले की पुढचे दांडे व दंतचक्रे फिरावयाची थांबत. ॲम्स्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनात ३० एप्रिल १९४८ रोजी प्रथम मांडलेल्या लँड रोव्हर गाडीत पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शक्तिमार्गावर मुक्तचक्राची योजना होती. १९५० मध्ये ती काढून चालकाला दोन किंवा चार चाके निवडता येतील अशी व्यवस्था करण्यात आली. सुमारे १,६०० घ. सेंमी.चे व ५० अश्वशक्तीचे तिचे पेट्रोल एंजिन शेतावरील कामासाठी पुरेसे असले, तरी रस्त्यावर कॅरॅव्हॅन ओढताना ते कायम उच्च गतीने घुमत राही. १९७० नंतरच्या दशकात फेअरी कंपनीने लँड रोव्हरसाठी काढलेले जादा गतीचे दंतचक्र-साधन बसविल्यास त्याच एंजिनगतीला गाडीचा वेग सुमारे २८ टक्के वाढत असे. ते घेणाऱ्यांत कॅरॅव्हॅनवाल्यांचा भरणा होता, यात नवल नाही.

कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी चारही चाकांची शक्ती खरोखर लागते का, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. पक्क्या कोरड्या रस्त्यावर ती लागत नाही. तिचा उपयोग ओल्या गवताच्या मुक्कामाच्या मैदानातून बाहेर पडताना, चढावर गाडी हलविताना आणि नावा पाण्यात सोडण्याच्या उतारावर होतो. कॅरॅव्हॅनचे नाक मोटारीच्या मागच्या टोकावर भार टाकते व पुढचा आस हलका होतो. मोटारी पुढच्या चाकांनी चालविण्याची पद्धत १९६० नंतर रूढ झाल्यापासून अशा मोटारींची चाके ओल्या चढावर जागीच घसरू लागली, तेव्हा चतुश्चक्र-चालनाचे मोल वाढले. पण वर्षातील अशा प्रसंगांची बेरीज काही मिनिटांपलीकडे जात नाही.

रेंज रोव्हर व तेलसंकट : १९७० मध्ये आलेली रेंज रोव्हर ही कॅरॅव्हॅन ओढण्यास सर्वार्थाने योग्य अशी पहिली चतुश्चक्र-चालित मोटार मानली जाते. मूळ अमेरिकन ब्यूइक कंपनीच्या रचनेवर आधारलेले ३,५२८ घ. सेंमी.चे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियम एंजिन, मळसूत्री स्प्रिंगा व कायम चतुश्चक्र-चालन ही तिची अंगे होत. पीडन दोन्ही आसांत वाटले गेल्याने प्रत्येक आस तुलनेने हलका ठेवता आला. सुमारे १,७२५ किग्रॅ. वजनामुळे ती मागच्या कॅरॅव्हॅनच्या हेलकाव्यांना बधत नसे. मात्र पेट्रोल ती सढळपणे पीत असे. एकटी असताना लिटरला पाच-सहा किमी. व कॅरॅव्हॅनसह चारच्या आसपास अशी तिची चाल होती. दंतचक्र-पेटी १९८३ पर्यंत चारच गतींची होती, ही यात आणखी भर.

तीन वर्षांतच परिस्थिती पालटली. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. ब्रिटनमध्ये पेट्रोलची कूपने वाटण्यात आली, जरी प्रत्यक्ष नियंत्रण लागू करावे लागले नाही. ब्रिटिश कॅरॅव्हॅनवाल्यांना नियंत्रणाचा अनुभव नवा नव्हता. १९३९ ते १९५० या काळात पेट्रोल मोजून मिळे. जुलै १९४२ पासून खाजगी सहलींसाठी तर ते मुळीच मिळत नसे. सुएझ-संकटामुळे डिसेंबर १९५६ ते मे १९५७ मध्ये तीच स्थिती पुन्हा ओढवली होती. डिसेंबर १९७३ मध्ये सर्व रस्त्यांवर ताशी ५० मैल (सु. ८० किमी.) ही वेगमर्यादा घालण्यात आली. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये कायद्याने ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. वर दिलेल्या हिशेबावरून दिसेल, की कॅरॅव्हॅनसाठी याहून परिणामकारक व बिनखर्ची उपाय दुसरा नव्हता. परंतु संकट ओसरताच मर्यादा सैल झाल्या. आज (२०२५) ब्रिटनमध्ये मोटार-महामार्गावर कॅरॅव्हॅनला ताशी ६० मैलांची मुभा आहे. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किमी. असून विशिष्ट अटी पुऱ्या करणाऱ्या जोडगाड्यांना १९९८ पासून १०० किमी.पर्यंत परवानगी मिळते.

याच सुमारास मोटारीच्या छपरावर बसवावयाचे तिरपे पडदे बाजारात आले. हवेचा झोत कॅरॅव्हॅनच्या कपाळावरून वर वळवावा, ही त्यांमागील कल्पना. मोटार ठेंगणी व कॅरॅव्हॅन उंच असेल, दोहोंतील अंतर बेताचे असेल व पडद्याचा कोन नेमका जुळला, तर त्याने लाभ होतो. एरवी तो फक्त मोटारीचाच रोध वाढवितो. उंच चतुश्चक्र-चालित मोटार स्वतःच कॅरॅव्हॅनपुढे काही प्रमाणात पडद्याचे काम करते. तिच्या बाजूने सांगता येण्याजोगा हा एक मुद्दा असूनही तो क्वचितच सांगितला जातो.

अमेरिकेतील स्थित्यंतर अधिक विचार करण्याजोगे आहे. तेथे ट्रेलर ओढण्याचे काम पूर्वी मोठ्या एंजिनाच्या लांबलचक कौटुंबिक मोटारी करीत. १९७५ च्या ऊर्जा-कायद्याने मोटार-कंपन्यांच्या प्रवासी मोटारींसाठी सरासरी इंधन-काटकसरीची सक्ती केली. १९७८ च्या मोटारींसाठी गॅलनला १८ मैल (लिटरला सु. ७·७ किमी.), तर १९८५ साठी २७·५ मैल (सु. ११·७ किमी.) असे हे लक्ष्य होते. हलक्या मालमोटारींसाठी मात्र वेगळे व सौम्य मान ठरविण्यात आले. कंपन्यांनी १९७७ पासून मोठ्या मोटारी आखूड व हलक्या केल्या. त्यांची ओढण्याची ताकद घटली, आणि ट्रेलर बाळगणारी कुटुंबे मालमोटारींच्या वर्गात मोडणाऱ्या उघड्या पाठीच्या गाड्यांकडे व बंदिस्त चतुश्चक्र-चालित गाड्यांकडे वळली. पेट्रोल वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याने कर्षणाच्या बाबतीत लोकांना अधिक पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांकडे नेले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शहरातील मोटार होती, तिच्या मागील आकडा नव्हता.

डीझेल एंजिने : यातून मार्ग निघाला तो मुख्यतः डीझेल एंजिनामुळे. डीझेल एंजिनात हवेचा मार्ग मिटून शक्ती कमी करण्याची रीत नसल्याने कमी भारावरील अपव्यय थोडा होतो. कमी गतीला मिळणारे जोरदार पीडन कर्षणास अनुकूल असते. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्यांमुळे डीझेलवरील टोयोटा लँड क्रूझर व निस्सानच्या गाड्या लवकर रूढ झाल्या. पश्चिम व दक्षिण ऑस्ट्रेलियाला जोडणाऱ्या आयर महामार्गाचे डांबरीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्यावर १४६·६ किमी. एकही वळण नसलेला पट्टा आहे व दोन पंपांमधील अंतर शंभर-दीडशे किमी.हून अधिक असू शकते. अशा ठिकाणी समोरचा वारा हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही, टाकी पुढच्या पंपापर्यंत पुरेल की नाही हा प्रश्न होतो. तेथील प्रवासी निघण्याची वेळ वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवितात, ते उगाच नव्हे.

ब्रिटनमध्ये रेंज रोव्हरला १९८६ मध्ये इटालियन बनावटीचे टर्बो-डीझेल एंजिन मिळाले. १९८९ च्या लँड रोव्हर डिस्कव्हरीत सिलिंडरात थेट डीझेल फवारणारे सुमारे २,५०० घ. सेंमी.चे एंजिन आले. एकटी असताना लिटरला दहा किमी.च्या आसपास व कॅरॅव्हॅनसह सातच्या आसपास जाणारी ही गाडी मध्यमवर्गीय कॅरॅव्हॅनवाल्यांत विशेष लोकप्रिय झाली. आकाराने व वजनाने रेंज रोव्हरच्या तोडीच्या गाडीचा खर्च एंजिन बदलताच जवळजवळ निम्म्यावर आला. चारही चाके पूर्ववत फिरतच होती. दोष चतुश्चक्र-चालनाचा नव्हता, हे यावरून उघड झाले. सुबारू कंपनीने तर १९७२ मध्येच हलक्या कौटुंबिक मोटारीला चतुश्चक्र-चालन देऊन दाखविले होते. पुढे चिकट द्रवाच्या जोडणीने व १९९८ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या हाल्डेक्स जोडणीने मागचा आस गरजेपुरताच कामाला लावण्याची सोय झाली आणि उरलासुरला तोटाही पुष्कळ कमी झाला.

तरीही एकूण खर्च अपेक्षेइतका घटला नाही. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅन-संघटना सुरक्षिततेसाठी अशी शिफारस करीत आल्या, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये. शिफारस योग्यच आहे. तिचे पालन दोन मार्गांनी करता येते : कॅरॅव्हॅन हलकी करून किंवा मोटार जड घेऊन. कॅरॅव्हॅनमध्ये स्नानगृह, शीतकपाट, उष्णताप्रणाली यांची भर पडत गेली, दुहेरी आसांच्या गाड्या आल्या आणि बहुतेकांनी दुसरा मार्ग पतकरला. वर्षातून दोन-तीन आठवडे कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी घेतलेली जड मोटार उरलेले एकोणपन्नास आठवडे रिकामी फिरते आणि वर्षाच्या हिशेबात अनेक कुटुंबांचे खरे जादा इंधन तेथेच खर्ची पडते. मुक्कामाला पोचल्यावर लिटरमागे किती किलोमीटर पडले याची चर्चा करणाऱ्यांच्या ध्यानात हा खर्च सहसा येत नाही.

विद्युत् मोटारी : विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हा जुना प्रश्न पुन्हा उघडा पाडला. विद्युत् चलित्र कमी भारावरही कार्यक्षम असते. त्यामुळे तेथे लपविण्यासारखा अपव्यय नसतो. ओढीचे काम दुप्पट झाले की एका भारणातील पल्ला सरळ निम्म्यावर येतो. चारही चाकांना शक्ती देण्यासाठी या मोटारींत दोन आसांवर दोन चलित्रे बसवितात. फिरते दांडे व जादा पेट्या लागत नाहीत. साहजिकच सारे लक्ष पुन्हा कॅरॅव्हॅनच्या आकारावर गेले. कॅरॅव्हॅनच्या स्वतःच्या चाकांना चलित्र व घटमाला देण्याचा प्रयोग डेटलेफ्स या जर्मन कंपनीने केला व २०२१ मध्ये अशी कॅरॅव्हॅन विद्युत् मोटारीमागे जोडून दक्षिण जर्मनीतून आल्प्स ओलांडून इटलीतील गार्डा सरोवरापर्यंत नेली. अमेरिकेत २०२३ मध्ये लाइटशिप कंपनीने मांडलेल्या विद्युत् ट्रेलरचा वरचा भाग प्रवासात खाली बसतो व मुक्कामी वर उचलला जातो. बाखेम यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी छपरापुरते जे केले होते, त्याचेच हे विस्तारित रूप होय.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात स्वयंचलित गाड्यांबरोबरच एक वा दोन आसांच्या ओढावयाच्या कॅरॅव्हॅनींचाही समावेश आहे. सह्याद्रीच्या घाटांत मात्र वरील हिशेबाची मांडणी बदलते. शंभर मीटरला पाच मीटर अशा चढावर ३,५०० किग्रॅ.च्या जोडगाडीला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १,७०० न्यूटन जादा प्रेरणा लागते. ही प्रेरणा सपाटीवर ताशी ८० किमी. वेगाला लागणाऱ्या सर्व प्रेरणेहून अधिक आहे. घाटात वेग कमी असल्याने हवेचा रोध नगण्य होतो व वजन हेच मुख्य ठरते. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतच्या सुमारे ५०० मी. चढास एवढ्या वजनासाठी, सपाटीच्या खर्चाव्यतिरिक्त, डीझेल एंजिनाला दीड लिटरहून थोडे अधिक इंधन लागेल. उतरताना डीझेल गाडीत ही ऊर्जा गतिरोधकांच्या व एंजिनाच्या उष्णतेत नाहीशी होते. विद्युत् मोटारीत तिचा काही भाग घटमालेत परत साठविता येतो. मात्र कॅरॅव्हॅनची चाके स्वतःच्या यांत्रिक गतिरोधकांनी थांबत असतील, तर तिच्या वाट्याची काही ऊर्जा तेथेही वाया जातेच.